अख्खा गोळा

पहिला.

गोळा पात्यावर चढला आणि गरगरायला लागला. मी बटण सोडलं.

एवढंच. पूर्ण मिनिटही लागलं नाही. मैदा, मीठ, चिमूटभर साखर, कोमट पाण्यात फेसाळलेलं यीस्ट, आणि झाकणाच्या नळीतून सोडलेली पाण्याची बारीक धार. आधी भांड्यात नुसती रेती उडते. मग गुठळ्या होतात. मग फूड प्रोसेसरचा आवाज एकदम जड होतो आणि सगळं एकजीव होऊन पात्याबरोबर फिरू लागतं. भांड्याच्या कडा आपोआप स्वच्छ. हात कोरडे.

"झालं पण?" आईंनी शिलाई मशीनवरून विचारलं.

"झालं. आता झाकून ठेवायचं. फुगून दुप्पट होईस्तोवर."

सासूबाईंना यात विशेष काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी ब्लाउजची बाही पुन्हा सुईखाली सरकवली आणि पायडल मारायला घेतलं.

मी त्या गोळ्याचे दोन केले. एकेक तळव्याखाली फिरवून गुळगुळीत केला, तेल लावलेल्या ताटलीत ठेवला, वरून ओलं फडकं टाकलं. फ्रेंच पाव काठीसारखा लांब असतो हे मलाही ठाऊक होतं. पण आमचा ओव्हन गोल, ॲल्युमिनियमचा, वर काच असलेला. त्यात काठी मावत नाही. म्हणून गोळे. तसेच फुगवायचे, तसेच भाजायचे.

मग मी बाजारात गेले. परत येऊन फडकं उचललं तर दोन्ही गोळे बसलेले. वर उथळ खळगे, त्यांत फडकं चिकटलेलं. तरी भाजले. बाहेर काढून ओट्यावर ठेवले तर ठक्क असा आवाज झाला.

आईंनी एक उचलून पाहिला. "वरवंटा आहे आपल्याकडे," त्या म्हणाल्या.

हे कऱ्हाडमधलं. दोन खोल्या, वर गच्ची, खाली घरमालकाचं भांड्यांचं दुकान. आईंना आणि मला हसू आलं तो त्या आठवड्यातला हा एकच प्रसंग, म्हणून आधी सांगितला.

*

पाव कशासाठी, ते.

कोयनेच्या बाजूला बोगद्याचं काम चाललं होतं. त्यावर परदेशी इंजिनिअर आले होते आणि त्यांच्यासाठी एक विश्रामगृह उघडलं होतं. तिथलं स्वयंपाकघर बघणाऱ्या दळवीबाई आईंकडे ब्लाउज शिवायला टाकत. त्यांनी मला सांगितलं की ही माणसं भाजी, भात, सगळं मुकाट्याने खातात, पण गावातला गोड पाव बघितला की तोंड वाकडं करतात. त्यांना वरून कडक आणि आत जाळी असलेला पाव हवा. तो करणारी बाई मिळाली तर ठेवून घेऊ. राहायला मागच्या बाजूला खोली आहे. सोमवारी दोन पाव घेऊन ये. एक लगेच कापून बघीन, दुसरा दुसऱ्या दिवशी कसा राहतो ते बघीन.

खोली आहे, हे त्यांनी सहज म्हटलं. मी मात्र त्या रात्री त्या खोलीत खाट कुठे ठेवायची, खिडकी कुठल्या बाजूला असेल, हे सगळं ठरवून टाकलं.

आईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ बाई." हो नाही आणि नाहीही नाही.

*

मशीन कुणाचं, ते.

श्रीरंगचं. माझ्या नवऱ्याचं. तो मालवाहू जहाजावर कुक होता. शेवटच्या सुट्टीत कुठल्याशा फ्रेंच बंदरावरून हे धूड खांद्यावर वाहून आणलं, प्लग बदलून घेतला आणि ओट्यासमोर उभं करून मला शिकवलं. धातूचं पातं लाव, प्लॅस्टिकचं नको. पाणी ओतू नकोस, सोड. गोळा फिरायला लागला की थांब, हाव करू नकोस. एकदा झाकलं की विसरून जा, सारखं उघडून बघायचं नाही. स्वतः एक करून दाखवला. चांगला झाला होता.

मग तो गेला. जहाजावर गेला, आणि त्यानंतर दोन बंदरांच्या मध्ये कुठेतरी एका पहाटे डेकवर गेला तो कुणाला दिसला नाही. जहाज फिरून फिरून शोधत राहिलं. काही मिळालं नाही.

काही मिळालं नाही म्हणजे काही झालं नाही, असं आईंचं म्हणणं. कृष्णेत पोहायला शिकलेला पोर आहे. कुठल्या तरी बेटावर, कुठल्या तरी कोळ्यांच्या वस्तीत असेल. दोन वर्षं उलटून गेली तरी त्यांचं तेच म्हणणं होतं. मी रोज कुंकू लावत होते. मंगळसूत्र गळ्यात होतं. संक्रांतीला शेजारणी वाण द्यायच्या, पण देताना माझ्याकडे बघायच्या नाहीत.

माझे दीर, जयवंतभावजी, इस्लामपूरला असतात. ते अधूनमधून येत आणि संगमावर विधी करून टाकू म्हणत. देह नसला तर दर्भाचा पुतळा करून करतात, गुरुजींना विचारलंय. आई त्यांना चहा देत, चिवडा देत, आणि एस.टी.ची वेळ झाली की पिशवी हातात देत.

आणखी एक. श्रीरंगची बॅग पोचवायला एक गोव्याचा खलाशी आला होता. परत जाताना जिन्यात थांबला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, दर्या त्या दिवशी शांत होता. म्हणून आम्हाला कळत नाही." मी वर आले आणि आईंना म्हटलं, पाणी मागत होता.

*

दुसरा.

या वेळी यीस्टवर संशय. बेकरीतून नवी पुडी आणली. साखरपाण्यात टाकली तर वाटीभर फेस, अगदी उतू जायला आला. यीस्ट जिवंत होतं.

मळून, गोळे करून, झाकून मी आंघोळीला गेले. आले तर बसलेले. खळगे.

तो पाव मी कुणाला दाखवला नाही. कापून, वाळवून डब्यात भरला.

*

तिसरा.

शनिवार. माझ्याकडे दिवस उरले नव्हते. मी पाण्यात बोट घालून बघितलं, मीठ निम्मं केलं, मशीन चार झटके कमी फिरवलं. गोळे झाकले आणि ठरवलं की हलायचं नाही. ओट्याशी पाट घेऊन बसले.

बराच वेळ बसले. श्रीरंगने सांगितलेलं मोडून फडक्याची कड उचलून पाहत राहिले. गोळे वर येत होते. खरोखर येत होते. ताणलेली, मऊ, किंचित चमकणारी कातडी. फडकं मधोमध उंच झालं होतं.

आई समोर शिवत होत्या. त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं. मग म्हणाल्या, कपडे वाळले असतील, ऊन कडक आहे, रंग उडेल साडीचा.

मी गच्चीवर गेले. कपडे काढले. जिन्याच्या वळणावर एक झरोका आहे, त्यातून थेट ओटा दिसतो.

आईंनी हात धुतले. पुसले. फडकं उचललं, झोपलेल्या मुलाच्या तोंडावरून पांघरूण काढावं तसं. आणि चार बोटं एका गोळ्यात पार तळापर्यंत दाबली. मग दुसऱ्यात. फडकं परत नीट टाकलं, कोपरे सारखे केले.

मी कपड्यांसकट खाली उतरले.

"आई."

त्या दचकल्या नाहीत. बोटांना चिकटलेलं पीठ दुसऱ्या हाताने सोडवत होत्या.

"रोज हेच करताय तुम्ही?"

"मग? असा अख्खा गोळा ठेवतात का घरात?"

कणीक मळून झाली की त्यांनीच काय, मीही चार बोटं दाबते. माझी आई दाबायची. का, हे कुणी कुणाला सांगत नाही, आणि सगळ्यांना माहीत असतं. गुळगुळीत, न दाबलेला, बाजूला काढून ठेवलेला गोळा फक्त पिंडाचा असतो. मी रोज सकाळी पोळ्यांच्या कणकेवर बोटं उमटवत होते आणि त्यानंतर तासाभरात हे दोन गोळे तसेच ठेवत होते. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. हे पीठ माझ्या हाताने मळलेलं नव्हतं, मशीनने मळलं होतं. बोटांना आठवण झाली नाही.

पण तेव्हा मी हे बोलले नाही. तेव्हा मला फक्त सोमवार दिसत होता.

"मी जाऊ नये म्हणून करताय," मी म्हटलं. "सरळ सांगायचं होतंत. पीठ कशाला नासायचं?"

"तुझ्या जाण्याचं इथं काय आहे?" त्या पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलल्या. "त्याच्या मशीनमध्ये करतेस. दोन-दोन करतेस. वर ओलं फडकं टाकतेस आणि पुढ्यात बसून राहतेस. आणि मी इथं दुसऱ्यांच्या बाह्या जोडत बसू? बघत बसू?"

"ह्यांनी सुट्टीत केला होता, तेव्हा नाही दाबलात."

"तेव्हा तो होता ना समोर."

खाली दुकानात कुणीतरी पातेली एकात एक घालत होतं.

मग त्यांनी विचारलं. "हेमा, तुला काय वाटतं?"

"कशाचं?"

"येईल?"

जहाजाच्या कंपनीने सह्या मागितल्या होत्या. भावजींनी संमती मागितली होती. पेठेतल्या बायका काही कळलं का म्हणून विचारत होत्या. मला काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

"कधीपासून वाटतं?"

"पहिल्यापासून."

त्या स्टुलावर बसल्या. "मग हे?" त्यांनी माझ्या कपाळाकडे बोट केलं. बोटाला अजून पीठ होतं.

"तुमच्यासाठी."

"अगं," त्या म्हणाल्या. "मी म्हणत होते, बायको आहे. बायकोला आतून कळतं. ही रोज लावतेय म्हणजे हिला काहीतरी कळत असेल. तुझ्याकडे बघून मी धरून होते."

मी कपडे खाली ठेवले. ते हातातच होते.

"घसरला असेल ना पाय?" त्यांनी विचारलं.

"हो. पहाटेचा डेक ओला असतो."

"हां. ओला असणार."

त्यांनी ते इतक्या लगेच मानलं की मला वाटलं, जिन्यातलं बोलणं त्यांनाही ऐकू गेलं होतं.

*

रविवारी पीठ नाही. रविवारी भावजी.

चहा पिता पिता आईंनी त्यांना सांगितलं, संगमावर तुला काय करायचं ते कर. भावजींनी बशी घाईने खाली ठेवली, चहा सांडला. इतके महिने मागत होते, आणि मिळाल्यावर त्यांनी टोपीत तोंड लपवलं आणि रडले. आईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायच्या तसा, खालून वर.

नंतर ते सावरले आणि मोठ्या भावाच्या जागी बसून बोलायला लागले. तिथी बघावी लागेल. गुरुजींना निरोप द्यावा लागेल. आणि वहिनी, ते कोयनेचं तुमचं, ते आता जरा राहू द्या. राग मानू नका. एकदा विधी झाला म्हणजे लोकांच्या दृष्टीने ते कालच गेल्यासारखे होतात. आणि त्यावर तुम्ही लगेच परक्या माणसांच्या स्वयंपाकघरात, तेही एकट्या. वर्ष जाऊ द्या. मग बघू.

ते वाईट माणूस नाहीत. मृदूपणे बोलले.

मी आईंकडे पाहिलं. त्या बशीतला सांडलेला चहा पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणजे असं होतं. तो हरवलेला होता तोवर मला जाता येत होतं. आता तो गेला होता, तर मला थांबायचं होतं.

*

चौथा.

सोमवार. उजाडायच्या आत मी मशीन लावलं. कुणाला विचारलं नाही. घरघर ऐकून आई उठल्या, तोंड धुऊन आल्या आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. गोळा फिरायला लागला. मी बटण सोडलं.

दोन केले. तळव्याखाली फिरवले. ताटलीत ठेवले. माझा हात आपोआप पुढे गेला, चार बोटं, आणि मी तो मागे घेतला. आईंनी ते पाहिलं.

फडकं त्यांनी टाकलं.

मग त्या पाटावर बसल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेतले, थंडीत घेतात तसे. थंडी नव्हती. मी दुसऱ्या भिंतीशी बसले. खाली पाण्याच्या नळाशी भांडण सुरू झालं आणि संपलं. दूधवाला आला, त्याला मी हाताने थांबवलं आणि पातेलं बाहेर ठेवलं. एकदा आईंचा उजवा हात पदराबाहेर आला, फडक्यापर्यंत गेला. त्यांनी फडक्याची फक्त कड उचलली.

"वाढतंय की गं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. जसं काही त्याला ऐकू जाऊ नये.

ओव्हन तापवला, आत वाटीभर पाणी ठेवलं, म्हणजे वाफेने साल कडक होते. काचेतून बघत राहिलो. गोळे फुगले, वर एक चीर गेली, चिरेच्या कडा तपकिरी झाल्या. काढून जाळीवर ठेवले तर गार होता होता तडतडायला लागले, बारीक, कोरडं. चांगला पाव असाच बोलतो, असं श्रीरंग म्हणायचा. ते मी आईंना सांगितलं नाही.

कोयनेकडे जाणाऱ्या साडेसातच्या पाटण गाडीला अजून वेळ होता. मी पिशवी काढली.

"एक मला दे," आई म्हणाल्या.

"दोन न्यायचेत, आई. त्या एक दुसऱ्या दिवशीसाठी ठेवणार आहेत."

"एक दे."

मी दिला. त्यांनी तो पदरात धरला, गरम होता, आणि जिना चढायला लागल्या. मी मागून गेले.

गच्चीच्या कठड्यावर त्यांनी पाव ठेवला. मग विचार बदलला, उचलून मोडला. आत जाळी पडली होती, वाफ आली. एक मोठा तुकडा कठड्यावर ठेवला.

"अजून विधी व्हायचाय," मी म्हटलं. "भावजी तिथी बघतायत."

"ते जयवंताचं. हे माझं. भात कशाला लागतो, त्याला हे आवडायचं."

त्यांनी पदर सावरला, हात जोडले आणि काहीतरी म्हणण्यासाठी तोंड उघडलं.

पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा काय करतात, ते मी लहानपणी नदीवर बघितलेलं होतं. माणसं ऊन डोक्यावर येईपर्यंत ताटकळतात. मग एकेक जण पुढे होतो आणि मोठ्याने गेलेल्याला सांगतो, तुझ्या आईला सांभाळीन, तुझ्या पोरीचं लग्न करीन, काळजी करू नकोस. ज्यात त्याचा जीव अडकलेला असेल ते नेमकं कुणी बोललं की कावळा येतो. मी एक पाऊल मागे सरले. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की त्याचा जीव माझ्यापाशी अडेल. कुठेतरी माझं नाव घ्यावं लागेल.

आईंच्या तोंडून शब्द निघायच्या आत कावळा आला. शेजारच्या टाकीवरून सरळ उतरला, तुकडा चोचीत धरला, जड होता म्हणून एकदा खाली टाकला, पुन्हा उचलला आणि गेला.

कठड्यावर थोडा चुरा राहिला.

"थांबलासुद्धा नाही," आई म्हणाल्या.

त्या अजून हात जोडूनच होत्या. आकाशात तो कुठे गेला ते शोधायला त्यांनी वर पाहिलं नाही. कठड्याकडेच बघत राहिल्या. मीही. शांत होता दर्या. श्रीरंगने कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

मी विचारलं, "काय म्हणणार होता तुम्ही?"

"कशाला आता."

"सांगा ना."

"हिला अडवणार नाही, म्हणणार होते." त्यांनी हात सोडले. "पण त्याने विचारलंच नाही ना."

खाली पेठेत दुकानांच्या फळ्या निघायला लागल्या होत्या.

"मग मी विचारते," मी म्हटलं. "अडवणार नाही ना?"

आईंनी उरलेला अर्धा पाव हातात घेतला. त्यातला मऊ भाग काढून तोंडात टाकला आणि सावकाश चावला. गिळल्यावर त्या जिन्याकडे वळल्या.

"दुसरा गार झालाय का बघ आधी," त्या म्हणाल्या. "गरम बांधलास तर वाटेत घाम सुटेल त्याला. कापडात बांध, पिशवीत नको. आणि ती बाई दुसरा कुठाय म्हणाली तर सांग, घरी लागला."